संत्र्याच्या सालीपासून कार्बन डॉट्स: बनवण्याची, पारखण्याची आणि वापरण्याची रीत

हिवाळ्यात आंबिया बहराची संत्री उतरू लागली की नागपूर, काटोल, वरुड आणि मोर्शी या पट्ट्यात रसाच्या गाड्यांमागे सालींचे ढीग साचू लागतात. या सालीत पेक्टिन, सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, साखरा, सेंद्रिय आम्ले आणि फ्लॅव्होनॉइड असे कार्बनयुक्त पदार्थ भरपूर असतात. हे पदार्थ बंद पात्रात पाण्याबरोबर उच्च तापमानाला तापवले, तर त्यांतून काही नॅनोमीटर आकाराचे कण तयार होतात आणि त्यांच्यावर अतिनील प्रकाश पडताच ते निळा किंवा हिरवट प्रकाश देऊ लागतात. या कणांना कार्बन डॉट्स म्हणतात, आणि त्यांच्या या गुणधर्माला मराठीत अनुस्फुरण असा शब्द असला तरी प्रयोगशाळेत सगळे फ्लुओरेसन्स असेच म्हणत असल्यामुळे येथेही तोच शब्द वापरला आहे.

महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे कण बनवून त्यांच्या साहाय्याने पाण्यातील लोह कसे मोजावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा पाहाव्यात, याची ही मार्गदर्शिका पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. साल तापवून निळी चमक मिळवणे एका दिवसाचे काम आहे. ती चमक खरोखर नॅनोकणांचीच आहे, सालीतून सुटलेल्या एखाद्या साध्या रेणूची नाही, हे दाखवायला मात्र आठवडा लागतो. या विषयावरील बहुतेक फसगत या दुसऱ्या टप्प्याला फाटा दिल्यामुळे होते, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्याच टप्प्यासाठी दिला आहे.

कार्बन डॉट्सचा शोध अपघाताने लागला. २००४ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्युत्कणसंचलनाने (इलेक्ट्रोफोरेसिसने) कार्बन नॅनोनलिका शुद्ध करताना काजळीतून आलेले चमकणारे पट्टे दिसले, आणि २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातील गटाने अशा कणांच्या पृष्ठभागावर पॉलिमर बसवून त्यांची चमक वाढवली व त्यांना कार्बन डॉट्स हे नाव दिले. फळांकडे वळलेल्या सुरुवातीच्या कामांत भारताचा वाटा आहे. २०१२ मध्ये राउरकेला येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी संत्र्याचा रस १२० अंश सेल्सिअसला तापवून पेशींच्या चित्रणास योग्य असे कण मिळवले, आणि त्यांची क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी जितके पुन्हा प्रकाश म्हणून बाहेर पडतात ते प्रमाण) २६ टक्के असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी पपनसाच्या सालीपासून बनवलेल्या कणांनी पाण्यातील पारा ओळखल्याचे प्रसिद्ध झाले, आणि २०१३ मध्ये तैवानमधील गटाने संत्र्याच्या टाकाऊ सालीवर १८० अंशांना हीच प्रक्रिया केली. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्वांटम डॉट्सना मिळाले, तेव्हा अनेकांनी त्याचा संबंध कार्बन डॉट्सशी जोडला. पण ते पारितोषिक अर्धवाहक नॅनोकणांसाठी होते. त्या कणांचा रंग आकाराने ठरतो. कार्बन डॉट्समध्ये रंग ठरवण्यात पृष्ठभागावरील ऑक्सिजन व नायट्रोजनयुक्त गटांचा आणि आतील रेणूसदृश भागांचाही मोठा हात असतो. त्यामुळे पुरावा नसताना आपल्या नमुन्याला ‘कार्बन क्वांटम डॉट्स’ म्हणू नये.

साल निवडणे आणि वाळवणे

नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते, त्यामुळे ती लवकर वाळते आणि बारीक दळली जाते. साल गोळा करताना फळ कोणत्या बहराचे, कोणत्या गावचे आणि कोणत्या तारखेचे आहे, हे वहीत लिहून ठेवावे. मृग बहराच्या आणि आंबिया बहराच्या सालीतील साखर व फ्लॅव्होनॉइडचे प्रमाण सारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि पुढे दोन वेळच्या नमुन्यांची चमक जुळली नाही तर कारण शोधायला ही नोंदच उपयोगी पडते. शक्य असल्यास एकाच वेळी अर्धा किलो कोरडी पूड करून ती नीट मिसळावी आणि वर्षभराचे सगळे प्रयोग त्याच पुडीवर करावेत.

साल आधी नळाच्या पाण्याने चोळून धुवावी, म्हणजे धूळ, फवारणीचे अवशेष आणि मेणाचा थर बराचसा निघतो. नंतर डीआयोनाइज्ड पाण्याने तीनदा खळाळून घ्यावी. आतला पांढरा भाग काढू नये, कारण पेक्टिन मुख्यतः त्यातच असते. सालीचे लहान तुकडे करून ते ओव्हनमध्ये ६० ते ६५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत. याला साधारण एक दिवस लागतो. सालीतील लिमोनीन (limonene) हे तेल ज्वलनशील आहे आणि त्याच्या वाफा ५० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोग्या होतात, म्हणून ओव्हन हवेशीर असावा, एका वेळी थोडीच साल ठेवावी आणि उघड्या शेगडीजवळ हे काम करू नये. वाळलेली साल मिक्सरमध्ये दळून, चाळून, झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत ठेवावी.

इतर फळांच्या सालीही चालतात. केळ्याची, आंब्याची, कलिंगडाची साल वापरून हे काम झालेले आहे. डाळिंबाच्या सालीबाबत मात्र सावध राहावे. तिच्यात टॅनिन भरपूर असते, आणि टॅनिन व लोह एकत्र आले की काळसर-निळा रंग तयार होतो. ज्याला लोह मोजायचे आहे त्याने या सालीपासून सुरुवात केली, तर चमक कणांमुळे घटली की शिल्लक टॅनिनच्या शाईमुळे, हे ठरवण्यातच त्याचे महिने जातील.

हायड्रोथर्मल पात्रातील अभिक्रिया

या कामाला टेफ्लॉनचे अस्तर असलेले स्टेनलेस स्टीलचे हायड्रोथर्मल पात्र लागते. १०० मिली क्षमतेच्या पात्रात १.५ ग्रॅम पूड आणि ६० मिली डीआयोनाइज्ड पाणी घ्यावे, काचेच्या कांडीने ढवळावे, झाकण घट्ट बसवावे आणि पात्र ओव्हनमध्ये १८० अंशांना ६ तास ठेवावे. पात्र कधीही दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. १८० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे १० बार आणि २०० अंशांना तो १५ बारच्या वर जातो; शिवाय सालीतून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सुटतात आणि पाणीही तापून प्रसरण पावते, म्हणून वरची मोकळी जागा ही सुरक्षिततेची अट आहे. टेफ्लॉनचे अस्तर २२० अंशांच्या वर नरम पडून वाकते, त्यामुळे ‘थोडे जास्त तापवून पाहू’ हा मोह टाळावा.

वेळ मोजताना ओव्हनचा आकडा १८० वर पोचला म्हणजे पात्राचा गाभाही तेथे पोचला असे समजू नये. जाड पोलाद आणि टेफ्लॉन यांतून उष्णता आत जायला बराच वेळ लागतो. म्हणून प्रत्येक वेळी थंड पात्र तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचे की दोन्ही एकत्र तापवायचे, हे एकदा ठरवून तीच पद्धत कायम ठेवावी. वेळ संपल्यावर ओव्हन बंद करून पात्र रात्रभर आतच थंड होऊ द्यावे. गरम पात्र पाण्याखाली धरून थंड करणे किंवा घाईने झाकण सैल करणे जिवावर बेतू शकते. खोलीच्या तापमानाला आलेले पात्रही धूरकपाटातच (फ्यूम हूडमध्ये) उघडावे, कारण आत लिमोनीनचे अवशेष आणि साखरांपासून बनलेले फुरफुरालसारखे उग्र पदार्थ असतात.

ज्यांच्याकडे असे पात्र नाही ते स्वयंपाकाच्या प्रेशर कुकरबद्दल विचारतात. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपासच राहते, त्यामुळे सालीतील सेल्युलोजवर फारसा परिणाम होत नाही; आणि कुकरमध्ये किंवा घरच्या मायक्रोवेव्हमध्ये बंद बाटली ठेवणे हा सरळ स्फोटाचा धोका आहे. हे काम घरी करण्याचे नाही.

चमक वाढवण्यासाठी मिश्रणात युरिया किंवा इथिलीनडायअमीन घालून कणांत नायट्रोजन आणण्याची पद्धत रूढ आहे. माझे मत असे की पहिले तीन प्रयोग काहीही न घालता, फक्त साल आणि पाणी घेऊनच करावेत. युरियाच्या विघटनातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सुटून पात्रातील दाब वाढतो, म्हणून तो घालायचाच असेल तर एकूण द्रव पात्राच्या निम्म्याहून कमी ठेवावा. शिवाय सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन यांच्या अभिक्रियेतून अतिशय तेजस्वी निळा प्रकाश देणारा एक साधा सेंद्रिय रेणू बनतो, हे २०१५ मध्येच दाखवले गेले आहे. संत्र्यात सायट्रिक आम्ल असतेच. त्यामुळे अमीन घातल्यावर चमक कैक पटींनी वाढली, तरी ती वाढ कणांची आहे असे लगेच मानता येत नाही.

प्रत्येक खेपेबरोबर आणखी दोन बाटल्या तयार ठेवाव्यात. एकीत तीच पूड त्याच प्रमाणात पाण्यात खोलीच्या तापमानाला ६ तास ढवळून गाळलेला अर्क असावा. दुसरीत पुडीशिवाय नुसते पाणी त्याच पात्रात १८० अंशांना तापवून काढलेले असावे, कारण टेफ्लॉनच्या अस्तरात आधीच्या खेपांचे चमकणारे पदार्थ मुरलेले असतात आणि तेच पुढच्या खेपेत उतरतात. नुसते पाणीच चमकू लागले तर अस्तर विरल नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून, भरपूर धुऊन, पुन्हा पाणी तापवून पाहावे.

गाळणे आणि डायलिसिस

पात्रातून तपकिरी द्रव आणि काळसर चोथा निघतो. चोथा साध्या गाळणकागदाने वेगळा करावा. तो वाळवून रंगद्रव्ये शोषण्याच्या प्रयोगात वापरता येतो. गाळलेला द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये १५ मिनिटे फिरवावा. नोंद करताना नुसते ‘१०,००० फेरे’ असे लिहू नये, कारण ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर १०,००० फेरे म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे ८,९०० पट बल होते आणि मोठ्या रोटरवर तेच बल पुष्कळ वाढते. वरचा स्वच्छ द्रव ०.२२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून गाळावा आणि फिल्टरमधून आलेला पहिला एक मिली टाकून द्यावा.

अनेक जण येथेच थांबतात आणि हा द्रव ‘कार्बन डॉट्सचे द्रावण’ म्हणून वापरू लागतात. आमच्या प्रयोगशाळेतही पहिल्या वर्षी हेच झाले. बाटली अतिनील दिव्याखाली सुंदर निळी दिसत होती, वर्णपटात २८० नॅनोमीटरजवळ ठळक शिखर होते आणि आम्ही ते कार्बनच्या दुहेरी बंधांचे मानले. नंतर तो द्रव पडद्यातून शुद्ध केला, तेव्हा ते शिखर जवळजवळ नाहीसे झाले आणि चमकेचा मोठा भाग बाहेरच्या पाण्यात गेलेला आढळला. साखरा तापल्यावर बनणारे हायड्रॉक्सिमिथाइलफुरफुराल २८४ नॅनोमीटरला आणि फुरफुराल २७७ नॅनोमीटरला प्रकाश शोषतात, हे ध्यानात घेतले असते तर ती चूक झाली नसती.

म्हणून डायलिसिस, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू बाहेरच्या पाण्यात निघून जाऊ देणे, टाळू नये. १ किलोडाल्टन मर्यादेचा (साधारण त्याहून जड रेणू अडवणारा) पडदा घ्यावा. महाविद्यालयांत सहज मिळणारा १२ ते १४ किलोडाल्टनचा पडदा स्वस्त असतो, पण त्यातून लहान कणही निसटतात. पडदा वापरण्यापूर्वी डीआयोनाइज्ड पाण्यात भिजवून धुवावा, त्यात २० ते २५ मिली द्रव भरावा आणि पिशवीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवून तोंड बांधावे, कारण आतल्या साखरेमुळे पाणी आत शिरते आणि काठोकाठ भरलेली पिशवी फुटते. पिशवी १ लिटर डीआयोनाइज्ड पाण्यात सोडून सावकाश ढवळत ठेवावी. पाणी पहिल्या दिवशी दर ६ तासांनी आणि नंतर १२ तासांनी बदलावे. किती वेळ हे घड्याळाने ठरवू नये. प्रत्येक वेळी बाहेर काढलेल्या पाण्याचा फ्लुओरेसन्स मोजावा, आणि सलग दोन मोजण्यांत तो नुसत्या पाण्याच्या पातळीवर आला की शुद्धीकरण पूर्ण झाले असे मानावे. याला साधारणपणे ४८ तास लागतात, कधी त्याहून अधिक.

शुद्ध द्रव फ्रीझ ड्रायरमध्ये वाळवून पूड करावी आणि तिचे वजन घ्यावे. ज्या खेपेचे वजन नोंदलेले नाही, तिची तीव्रता मिलीग्रॅम प्रति मिलीमध्ये सांगता येत नाही, आणि मग लोहमापन किंवा पेशींवरील परिणाम यांचे आकडे निरर्थक ठरतात. पूड अंधारात, कोरड्या बाटलीत, ४ अंशांना ठेवावी. द्रावण ठेवायचे असेल तर ते दर पंधरवड्याला तपासावे. पूर्ण शुद्ध न झालेल्या द्रावणात उरलेल्या साखरेवर बुरशी धरते आणि बुरशीही चमकते.

जे मिळाले ते काय आहे

पहिली पाहणी ३६५ नॅनोमीटरच्या एलईडी टॉर्चने, डोळ्यांवर अतिनील प्रकाश रोखणारा चष्मा घालून करावी. बाजारात स्वस्तात मिळणारी ३९५ नॅनोमीटरची टॉर्च जांभळा प्रकाशही देते आणि त्यात मंद निळी चमक झाकली जाते. बाटलीमागे कोरा पांढरा कागद ठेवू नये, कारण कागदातील चमकद्रव्ये स्वतःच निळी चमकतात. काळा कपडा ठेवावा.

फ्लुओरोमीटरवर क्वार्ट्झच्या क्युवेटमध्ये ३२० ते ४६० नॅनोमीटरपर्यंत २० नॅनोमीटरच्या अंतराने उत्तेजन देऊन वर्णपट घ्यावेत. उत्तेजनाची तरंगलांबी वाढेल तसे शिखर लांब तरंगलांबीकडे सरकताना बहुधा दिसेल. त्याच वेळी एक बारीक, टोकदार शिखरही सरकताना दिसेल, आणि ते पाण्याचे रामन विकिरण (पाण्याच्या रेणूंवरून तरंगलांबी बदलून विखुरलेला उत्तेजनाचा प्रकाश) असते: ३५० नॅनोमीटरच्या उत्तेजनाला ते ३९७ नॅनोमीटरजवळ येते. विरल नमुन्यात हेच शिखर कणांचे समजले जाते, याकरिता नुसत्या पाण्याचा वर्णपट प्रत्येक तरंगलांबीला घेऊन वजा करावा.

क्वांटम यील्ड काढण्यासाठी क्विनाइन सल्फेट ०.१ मोलर गंधकाम्लात विरघळवून संदर्भ म्हणून वापरतात आणि त्याची यील्ड ०.५४ धरतात. येथे हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण क्लोराइड क्विनाइनची चमक घटवते. नमुना आणि संदर्भ या दोघांचीही पाच-पाच विरल द्रावणे करावीत, प्रत्येकाचे शोषण ०.१ पेक्षा कमी ठेवावे, शोषणाविरुद्ध एकूण फ्लुओरेसन्सचा आलेख काढावा आणि दोन्ही रेषांच्या उतारांचे गुणोत्तर ०.५४ ने गुणावे. दोन्ही द्रावणे पाण्यातलीच असल्यामुळे अपवर्तनांकाची दुरुस्ती नगण्य असते. एकाच बिंदूवरून काढलेल्या यील्डवर मी विश्वास ठेवत नाही. काहीही न घातलेल्या सालीची यील्ड एक आकडी टक्क्यांत आली तर निराश होऊ नये. पपनसाच्या सालीच्या २०१२ च्या कामातही ती ७ टक्क्यांच्या आतच होती आणि तरीही पारा ओळखला गेला.

आकार पाहण्यासाठी टीईएम (पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागतो आणि तो विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात शुल्क भरून वापरता येतो. तेथे २ ते १० नॅनोमीटरचे कण अपेक्षित असतात. किमान शंभर कण मोजून सरासरी काढावी. क्ष-किरण विवर्तनात २० ते २५ अंशांदरम्यान एक रुंद उंचवटा येतो आणि एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) ३४०० प्रति सेंमीजवळ हायड्रॉक्सिलचा व १६०० ते १७०० प्रति सेंमीदरम्यान कार्बोनिलचा पट्टा दिसतो. ही दोन्ही मापने पूरक म्हणून ठीक आहेत, पण सालीतील पेक्टिनही जवळपास असेच पट्टे देते, म्हणून न तापवलेल्या अर्काचा एफटीआयआर शेजारी ठेवल्याशिवाय त्यांवरून निष्कर्ष काढू नये.

पाण्यातील लोह मोजणे

कणांच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल व कार्बॉक्सिल गटांना फेरिक (त्रिसंयुजी) लोह चिकटते आणि चमक घटते. पाण्यात लिटरला ०.३ मिलीग्रॅमच्या वर लोह गेले की कपड्यांवर आणि भांड्यांवर तांबूस डाग पडतात. ही मात्रा सुमारे ५.४ मायक्रोमोलर होते. म्हणून आपल्या पद्धतीने किमान ही पातळी विश्वासाने वाचता आली पाहिजे.

०.२७० ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून १०० मिली केले की १० मिलीमोलरचे मूळ द्रावण मिळते. आम्ल घालणे आवश्यक आहे, कारण पीएच ३ च्या वर फेरिक लोह हायड्रॉक्साइड होऊन खाली बसू लागते. फॉस्फेटचे बफर मुळीच वापरू नये. फॉस्फेट लोहाला बांधून ठेवते आणि पद्धत निष्कारण बोथट होते. प्रत्येक क्युवेटमध्ये कणांचे ३ मिली द्रावण घ्यावे, ज्याचे उत्तेजनाच्या तरंगलांबीला शोषण ०.०५ च्या आसपास असेल. त्यात लोह ० ते १०० मायक्रोमोलरपर्यंत वाढवत न्यावे, ५ मिनिटे थांबावे आणि मोजावे. लोहाबरोबर थोडे आम्लही आत जाते आणि अनेक कणांची चमक पीएचनुसार बदलते, यासाठी तेवढेच आम्ल पण लोहाशिवाय घातलेली समांतर मालिका घ्यावी.

आता सर्वात महत्त्वाची दुरुस्ती. फेरिक लोह स्वतःच अतिनील प्रकाश शोषते. ते उत्तेजनाचा प्रकाश कणांपर्यंत पोचूच देत नाही, त्यामुळे लोहाने कणांना स्पर्श न करताही चमक घटलेली दिसते. समजा, लोह घातल्यावर उत्तेजनाच्या तरंगलांबीला शोषण ०.२ ने वाढले आणि उत्सर्जनाच्या तरंगलांबीला काहीच वाढले नाही. या दोन वाढींची बेरीज करून तिच्या निम्म्याइतका १० चा घात घेतला की दुरुस्तीचा गुणक १.२६ येतो, म्हणजे २१ टक्के घट केवळ प्रकाश अडल्यामुळे झाली. हा गुणक प्रत्येक बिंदूला लावल्यानंतर जी घट उरते तीच कणांची मानावी.

दुरुस्त आकड्यांवरून मूळ चमक भागिले उरलेली चमक हे गुणोत्तर लोहाच्या तीव्रतेविरुद्ध आलेखावर मांडले की स्टर्न-फोल्मर रेषा मिळते. तिच्या उतारावरून आणखी एक पडताळणी होते. उतार प्रति मोलर २०,००० आणि कणांचा उत्तेजित काळ ४ नॅनोसेकंद असेल, तर टकरींचा दर ५ गुणिले १० चा १२ वा घात इतका निघतो. पाण्यात दोन रेणू एकमेकांवर आदळण्याची मर्यादाच १० च्या १० व्या घाताच्या आसपास असते. मर्यादेच्या ५०० पट दर शक्य नाही, म्हणून अशी घट टकरींमुळे झाली असे लिहिणे चूक ठरते. लोह कणाला आधीच बांधले गेले आहे किंवा प्रकाश अडण्याची दुरुस्ती अपुरी आहे, असाच अर्थ निघतो. उत्तेजित काळ मोजण्याची सोय असेल तर लोह घातल्यावर तो बदलतो का, हे पाहावे.

शोधमर्यादा काढताना लोहविरहित द्रावण किमान १० वेळा मोजून त्याचे प्रमाण विचलन घ्यावे, ते ३.३ ने गुणावे आणि रेषेच्या उताराने भागावे. नंतर तांबे, ॲल्युमिनियम, शिसे, जस्त, मँगेनीज, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फेरस (द्विसंयुजी) लोह आणि षट्संयुजी क्रोमियम यांची चाचणी एकेकटी आणि लोहाबरोबर अशी दोन्ही प्रकारे घ्यावी. क्रोमेट ३७० नॅनोमीटरजवळ जोरदार शोषण करते, त्यामुळे त्याची ‘घट’ तर जवळजवळ नेहमीच दिसते. क्रोमियम आणि शिशाची द्रावणे बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात साठवावीत.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर ही पद्धत वापरताना जमिनीखालचे लोह बहुतांशी फेरस स्वरूपात असते, आणि वर आल्यावर हवेने ते फेरिक होऊन गढूळ तांबूस गाळ बसतो, हे विसरू नये. नमुना घेताच त्यात आम्ल घालावे, आणि मोजण्यापूर्वी सगळे लोह फेरिक अवस्थेत आणावे. तोच नमुना १,१०-फिनँथ्रोलिन पद्धतीने ५१० नॅनोमीटरला मोजून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. फिनँथ्रोलिनची पद्धत जुनी, स्वस्त आणि खात्रीची आहे. नवी पद्धत तिच्याशी जुळली तरच पुढे न्यावी.

पेशींचे चित्रण

सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे वळण्यापूर्वी यीस्टवर हात बसवावा. रात्रभर वाढवलेले यीस्ट धुऊन, मिलीलिटरमध्ये साधारण एक कोटी पेशी राहतील असे विरल करावे, त्यात कणांचे द्रावण मिलीलिटरला ०.१ ते ०.५ मिलीग्रॅम या प्रमाणात घालावे, ३० अंशांना २ तास ठेवावे आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये तीनदा धुवावे. शेवटच्या धुण्याचे पाणीही फ्लुओरोमीटरवर तपासावे. ते चमकत असेल तर पेशीभोवतीची चमक आतली नाही. मेलेल्या यीस्ट पेशीचे आवरण गळके असल्यामुळे तिच्यात कण सहज शिरतात, म्हणून त्याच नमुन्याचा थोडा भाग मिथिलीन ब्लूने रंगवून जिवंत आणि मृत पेशींचे प्रमाण मोजावे. चमकणाऱ्या पेशी नेमक्या मृतच निघाल्या, तर आपण चित्रण नव्हे, मृत पेशींची मोजणी केलेली असते.

मानवी पेशींच्या वाणांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशीसंग्रह आहे. तेथून प्रमाणित पेशी घ्याव्यात, दुसऱ्या प्रयोगशाळेतून उसन्या आणलेल्या बाटलीवर विसंबू नये. विषाक्ततेसाठी एमटीटी चाचणी (जिवंत पेशी पिवळ्या एमटीटी रंगद्रव्याचा जांभळा रंग करतात, तो मोजणारी) करतात, पण कण स्वतः प्रकाश शोषतात आणि काही कण एमटीटीवर थेट अभिक्रियाही करतात. याकरिता पेशीविना फक्त कण आणि एमटीटी असलेले खड्डे त्याच प्लेटमध्ये ठेवावेत आणि त्यांचे वाचन वजा करावे. ‘फळापासून बनले म्हणून निरुपद्रवी’ हे गृहीतक या चाचणीला पर्याय होऊ शकत नाही.

निळ्या कणांची चित्रणातील मोठी अडचण अशी की जिवंत पेशीतील एनएडीएच हा रेणू ३४० नॅनोमीटरजवळ उत्तेजित होऊन ४६० नॅनोमीटरजवळ चमकतो, आणि आपले कणही नेमके तेथेच चमकतात. हिरव्या भागात पेशीतील फ्लेव्हिन हे रेणू चमकतात. म्हणून कण न घातलेल्या पेशी, न तापवलेल्या सालीच्या अर्कात ठेवलेल्या पेशी आणि कण घातलेल्या पेशी अशा तीन काचपट्ट्या एकाच दिवशी, एकाच फिल्टरखाली, एकाच एक्स्पोजरने आणि एकाच गेनवर टिपाव्यात. कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर बंद ठेवावे, कारण ते रिकाम्या पेशींनाही उजळ करून दाखवते. छायाचित्रात उजेड वाढवायचा असेल तर तो तिन्ही चित्रांत सारखाच वाढवावा आणि किती वाढवला ते चित्राखाली लिहावे. त्यानंतर प्रत्येक पट्टीवरील किमान ५० पेशींची सरासरी तीव्रता मोजून, पार्श्वभूमी वजा करून, तिन्हींचे आकडे एकाच तक्त्यात मांडावेत. कण घातलेल्या पेशींचा आकडा इतर दोन्हींपेक्षा स्पष्टपणे वर असेल तेव्हाच त्या चित्राला पेशीचित्रण म्हणावे.